चित्राचेही लीव्ह अँड लायसन्स करावे

आपल्यापैकी बहुतेकांचा भारतात एखादा फ्लॅट आहे. कुणाचा डोंबिवलीला, कुणाचा पुण्याला, कुणाचा नाशिकला. इथल्या उन्हात वर्षानुवर्षे राबून घेतलेला, आणि आपण इथे असल्यामुळे कुणाला तरी भाड्याने दिलेला. तो देताना आपण काय काय करतो ते जरा आठवा. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, अनामत रक्कम, पोटभाडेकरू ठेवायचा नाही, भिंती फोडायच्या नाहीत, सोसायटीचा मेंटेनन्स कुणी भरायचा. वीस-वीस वर्षे कुवेतमध्ये काढूनही हे सगळे आपल्याला तोंडपाठ असते. आणि आपल्याच घरातले मूल एखादे चित्र, एखादे बोधचिन्ह, एखाद्या खोक्यावरची नक्षी काढून कुणाला देते तेव्हा आपण काय म्हणतो? "देऊन टाक गं, ओळखीचे आहेत."

हे मी इतरांबद्दल लिहीत नाही. स्वतःबद्दलच लिहितो आहे.

आमची मुलगी अब्बासियातच लहानाची मोठी झाली. बारावीनंतर ती उपयोजित कला शिकायला मुंबईला गेली आणि आता पुण्यात मैत्रिणींबरोबर राहून स्वतंत्रपणे डिझाईनची कामे करते. फ्रीलान्स म्हणतात तसे. २०२२ च्या दिवाळीच्या आधी जलीबमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला विचारले, "तुमची मुलगी चित्रे काढते ना? आमच्या फराळाच्या खोक्यासाठी काहीतरी छान करून द्या." मी लगेच हो म्हटले. दुकानाचे नाव सुंदर अक्षरात आणि चकली, करंजी, लाडू, शंकरपाळे, अनारसे, चिवडा अशी सहा चित्रे. पैसे ठरले ४० दिनार. ठरवले मीच, व्हॉट्सॲपवर, बकाल्यात दूध घेता घेता. मुलीने मला दोनदा विचारले, "बाबा, ते कुठे कुठे वापरणार आहेत ते विचारा ना." मी म्हटले, "खोक्यावर! आणखी कुठे वापरणार?" छापखान्याने मागितली म्हणून तिने तयार चित्राबरोबर मूळ फाईलही पाठवून दिली, म्हणजे जिच्यात कुणालाही हवे ते बदल करता येतात ती.

दिवाळी झाली. खोके देखणे झाले होते, आम्हीही चार घेतले. पुढच्या वर्षी तीच चित्रे त्यांच्या घरपोच सेवेच्या गाडीवर दिसली. मग दुसऱ्या शाखेच्या पाटीवर. मग तिथल्या मेन्यूकार्डावर. २०२४ च्या सुरुवातीला माझ्या मेहुण्याने दुबईहून एका पाकिटाचा फोटो पाठवला. तिथल्या दुकानात विकायला ठेवलेल्या गोठवलेल्या समोशांवर आमचीच करंजी होती, कडेची मुरड पुसून आणि एक टोक ओढून तिचा समोसा केलेला.

एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेलो. चहा झाला, विषय काढला. गृहस्थ वाईट नाहीत, आजही आमचे बोलणे आहे. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटले. "साहेब, पैसे तर दिले होते ना? मग चित्र आमचेच झाले की." मला उत्तर सुचेना. घरी येऊन मुलीला फोन केला आणि ते माझ्याशी कसे बोलले हे तावातावाने सांगू लागलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देताना नळाची तोटीसुद्धा यादीत लिहिता. माझ्या चित्रासाठी एक ओळ लिहिली नाहीत."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. आपल्या मंडळातल्या किती घरांत आज हे काम होते पाहा. कुणाची मुलगी लोगो करते, कुणाचा मुलगा फोटो काढतो, कुणी वहिनी मेंदीचे आणि रांगोळीचे नमुने काढतात, कुणी अक्षरलेखन करतात. म्हणून आरोग्य आणि अर्थ या पानासाठी मी हे लिहायला घेतले. हा सरळ पैशांचा विषय आहे, आणि थोडा आरोग्याचाही, ते पुढे येईलच.

मूळ गोंधळ असा की वस्तू विकणे आणि तिचा वापर करू देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे चित्राच्या बाबतीत आपल्या लक्षात येत नाही. खरे तर मराठी माणसाला हे नवीन असायचे कारण नाही. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर 'सर्व हक्क स्वाधीन' हे शब्द आपण लहानपणापासून वाचत आलो. आपल्या रंगभूमीवर नाटककाराला प्रयोगामागे मानधन देण्याची पद्धत रूढ आहे. नाटक एकदा लिहून दिले म्हणजे संहिता निर्मात्याची झाली असे कुणी समजत नाही. आपली मंडळेसुद्धा नाटक बसवताना लेखकाची परवानगी घेतात, निदान घ्यायला हवी हे त्यांना ठाऊक असते. कोकणातल्या वाचकांना तर आणखी सोपे सांगता येईल. हापूसची बाग हंगामापुरती व्यापाऱ्याला खंडाने दिली तर आंबे त्याचे, कलमे आपली. त्याने जाताना कलम तोडून नेले तर आपण गप्प बसू का?

चित्रांच्या धंद्यातही ही वाटणी आपल्याच मुलखात शंभर वर्षांहून जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. धंदा तोट्यात गेल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला, आणि यंत्रांबरोबर अनेक चित्रे छापण्याचे हक्कही गेले. मूळ तैलचित्रे राजवाड्यांत होती, पण त्यांच्या प्रती काढण्याचा हक्क ही वेगळी मालमत्ता होती, आणि तिचा वेगळा सौदा झाला. आपल्या आजीच्या देवघरात आलेली लक्ष्मी आणि सरस्वती त्या वेगळ्या हक्काच्या वाटेने आली.

आता कायदा. मी वकील नव्हे, एका कंपनीत हिशेब पाहणारा माणूस आहे. पण त्या शुक्रवारनंतर भारताचा १९५७ चा कॉपीराईट कायदा बसून वाचला. मुलगी भारतात राहून काम करते, त्यामुळे तिच्यासाठी तोच महत्त्वाचा. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या वाटल्या.

कलम १७ म्हणते की काम करणारा हाच त्याचा पहिला मालक. याला अपवाद आहेत. नोकरीत नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, वेगळे ठरले नसेल तर, मालकाचे. (इथे ऑफिसात डिझायनर असलेल्या आपल्या मुलांनी ऑफिसातले काम बाहेर देऊ नये हे ओघाने आलेच.) दुसरा अपवाद मला माहीत नव्हता. कुणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन काढलेले छायाचित्र, रंगचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल तर, उलट करार नसल्यास, पहिला मालक ते काढून घेणारा ठरतो. म्हणजे लग्नाचे फोटो काढणाऱ्या आपल्या मुलाने काहीच लिहून घेतले नाही तर फोटोंचा हक्क यजमानाचा. खोक्यावरची करंजी हे 'रंगचित्र' की नाही यावर दोन वकील तीन मते देतील. त्यामुळे 'लिहिले नाही तरी हक्क आपलाच' या भरवशावर कुणी राहू नये.

कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात हे त्यात लिहायचे. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. वापराच्या परवान्यालाही कलम ३०-अ ने हेच नियम लावले आहेत. आता गंमत पाहा. कुवेतमधला दुकानदार पुण्यातल्या मुलीशी भारतीय कायद्याखाली करार करतो आणि त्यात 'कुवेत' हा शब्दच लिहीत नाही, तर त्या कागदाने त्याला भारतापुरताच हक्क मिळाल्याचे धरले जाईल, आणि त्याचे दुकान तर इथे आहे. म्हणजे नीट लिहून घेणे हे त्याच्याही फायद्याचे आहे. बोलणी करताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो, कारण समोरच्याला वाटत असते की कागदाचा आग्रह म्हणजे आपल्यावर अविश्वास.

आणि कलम ५७. हक्क विकला तरी कलावंताचे नाव आणि कामाची विटंबना होऊ न देण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले कांस्य भित्तिशिल्प १९७९ साली सरकारने काढून गोदामात टाकले. ते शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरी २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते सेहगलांना परत करायला लावले आणि वर पाच लाख रुपये नुकसानभरपाई द्यायला सांगितली. तोवर सव्वीस वर्षे गेली होती, हेही लक्षात घ्यावे.

कुवेतचे म्हणाल तर बर्न करारात भारत १९२८ पासून आहे आणि कुवेत २०१४ च्या डिसेंबरपासून. कुवेतचा स्वतःचा लेखनाधिकाराचा कायदा २०१९ चा, क्रमांक ७५. त्यामुळे तिकडे काढलेल्या चित्राला इकडे काही आधारच नाही असे म्हणता येत नाही, आणि त्यासाठी नोंदणीचीही अट नाही. पण इथल्या न्यायालयांचे कामकाज अरबीत चालते, प्रत्येक कागदाचे भाषांतर लागते, आणि ४० दिनारांच्या करंजीसाठी ४०० दिनारांचा वकील कोण करणार? आम्ही केला नाही. तो विषय तिथेच सोडला.

म्हणून माझे मत असे झाले आहे की जे काही मिळवायचे ते काम सुरू करण्यापूर्वी, बोलण्यातच मिळवायचे असते. आणि हे बोलणे कसे करावे हे मी माझ्या मुलीकडून शिकलो.

२०२४ मध्ये इथल्याच एका व्यापाऱ्याला टेबलावरच्या कॅलेंडरसाठी बारा चित्रे हवी होती. या वेळी मी मध्ये पडलो नाही, फोन जोडून दिला आणि बाजूला बसलो. त्याने पहिल्याच वाक्यात सांगितले, "सगळे हक्क आमचे पाहिजेत." मी असतो तर एक तर हो म्हणालो असतो किंवा रागावलो असतो. ती म्हणाली, "हो, देता येतील. त्याची किंमत ३५० दिनार. पण तुम्हाला ती नक्की कशासाठी हवी आहेत?" तो म्हणाला, कॅलेंडरसाठी. किती प्रती? पाचशे. कुवेतमध्येच वाटणार? हो. एकच वर्ष? कॅलेंडर दुसऱ्या वर्षी कोण वापरतो! "मग तेवढ्याचे ९० दिनार," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा छापलेत तर निम्मे. इंटरनेटवर किंवा आणखी कशावर वापरायचे असेल तर आधी सांगा, त्याचे वेगळे ठरवू."

फोनवर थोडा वेळ शांतता झाली. मग तो म्हणाला, ९० चालतील.

मला यात शिकण्यासारखे जे वाटले ते असे. माणसे 'सगळे हक्क' मागतात ती बहुधा सवयीने. त्यांना त्यातल्या दहावा हिस्साही नको असतो. नाही म्हटले की हट्टाला पेटतात. किंमत सांगितली की आपल्याला खरोखर काय हवे याचा विचार करू लागतात. भाडेकरूला आपण 'घर विकणार नाही' असे ओरडून सांगत नाही. विकत हवे तर इतके, भाड्याने हवे तर इतके, एवढेच सांगतो.

त्याने काही गोष्टी मागून घेतल्याही. तिला प्रत्येक पानावर नाव हवे होते, ते मागच्या पानावर बारीक अक्षरात आले. मूळ फाईल तिने दिली नाही, छापण्यापुरती पक्की फाईल दिली. पैसे निम्मे आधी, निम्मे फाईल देताना, आणि पूर्ण पैसे मिळेपर्यंत वापराची परवानगी सुरू होत नाही अशी एक ओळ. ही शेवटची ओळ मला सगळ्यांत आवडली. आमच्या हिशेबाच्या धंद्यात तिची किंमत फार. काम मध्येच थांबले तर आधी घेतलेले निम्मे परत नाही, हेही तिने लिहिले. चित्रे दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत असे त्याला हवे होते, ते तिने एका वर्षापुरते मान्य केले. एआयच्या यंत्राला ही चित्रे शिकवण्यासाठी घालायची नाहीत हेही तिने लिहिले. तो व्यापारी हसला, मीही हसलो, पण आमच्या करंजीचा समोसा आठवून मी लगेच गंभीर झालो.

आणि दुरुस्त्या. दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्या वेळेपासून पैसे. इथे आरोग्याचा विषय येतो. फराळाच्या खोक्याच्या वेळी 'लाडू जरा पिवळा करा', 'अक्षर जरा मोठे', 'आमच्या मिसेसना चकली आवडली नाही' असे अकरा वेळा झाले होते. भारतात आपल्या अडीच तास आधी रात्र होते, हे इथून दुकान बंद करून रात्री अकराला निरोप पाठवणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पोरगी तीन रात्री जागली, मान धरली, आणि डॉक्टरांचे व औषधांचे पैसे ४० दिनारांतूनच गेले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी, कारण या विषयावर नवी मुले जरा हट्टी असतात. प्रत्येक काम भाड्यानेच द्यावे असे नाही. दुकानाचे बोधचिन्ह ही चीज वेगळी आहे. ते मालकाला पाटीवर, गाडीवर, बिलावर, गणवेशावर कायमचे लागते, आणि तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेला तर ते त्याचेच असले पाहिजे. तिथे पाच वर्षांची मुदत घालणे म्हणजे माणसाला त्याचेच नाव भाड्याने देण्यासारखे होईल. बोधचिन्हाचे खरेदीखतच करावे, पण खरेदीखताच्या किमतीने करावे. आपल्या रुपयाच्या चिन्हाचे उदाहरण घ्या. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या डी. उदय कुमार यांचे ते चिन्ह सरकारने २०१० साली स्वीकारले. स्पर्धेचे बक्षीस होते अडीच लाख रुपये, आणि हक्क सरकारला द्यायचा हे आधीच जाहीर होते. देशाच्या चलनाचे चिन्ह कुणा एकाच्या मालकीचे असून चालणारच नव्हते. रक्कम कमी की जास्त यावर वाद घालता येईल, पण अट सगळ्यांना आधी माहीत होती. उलट अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ साली नायकी कंपनीचे ते प्रसिद्ध चिन्ह ३५ डॉलरला काढून दिले. १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून सोन्याची अंगठी आणि कंपनीचे शेअर दिले. ते कंपनीच्या मनाचे मोठेपण झाले. आपल्या मुलांनी त्यावर विसंबून संसार मांडू नये.

म्हणजे फराळाच्या खोक्याचे मी आज काय केले असते? दुकानाच्या नावाचे अक्षर विकत, सहा चित्रे भाड्याने. शाखा वाढल्या की भाडे वाढेल. आणि आमचे गृहस्थ बहुधा हो म्हणाले असते, कारण चित्रे त्यांना मनापासून आवडली होती.

जशी आपली वस्तू, तशी दुसऱ्याचीही. इंटरनेटवरून उचललेला फोटो किंवा मित्राकडून आणलेला फॉन्ट वापरून आपण स्वतःच्या हक्काची भाषा बोलू लागलो तर ते शोभत नाही. मुंबईच्या एक टाईप या गटाने केलेले बलू, मुक्त यांसारखे देवनागरी फॉन्ट व्यावसायिक कामालाही मोफत वापरता येतात. पण त्यांनाही लिखित परवाना आहे, तो एकदा वाचावा. विकत घेतलेल्या फॉन्टची फाईल ग्राहकाला देऊन टाकू नये, कारण परवाना आपल्या नावावर असतो, त्याच्या नाही.

आता इथे राहून हे काम करणाऱ्यांसाठी, आणि हे जरा नाजूक आहे. आपल्या अनेक भगिनी आणि मोठी मुले आर्टिकल २२ च्या इकाम्यावर, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर आहेत. तो इकामा राहण्याचा आहे, काम करण्याचा नाही. आर्टिकल १८ वर असलेल्यांनाही आपल्या कफीलाशिवाय दुसऱ्याचे काम परवानगीविना करता येत नाही. जानेवारी २०२४ पासून मूळ मालकाच्या संमतीने अर्धवेळ कामाची परवानगी साहेल ॲपवरून मिळू लागली, दिवसाला जास्तीत जास्त चार तास, शुल्क महिन्याला ५ दिनारपासून वर्षाला ३० दिनारपर्यंत. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा, ते बदलत असतात. हे सांगण्याचे कारण भीती घालणे नव्हे. परवानगीविना काम करणाऱ्याला पैसे बुडाले तरी तक्रार करायला तोंड नसते, आणि हे समोरच्याला पक्के माहीत असते. अब्बासियात 'पुढच्या आठवड्यात देतो' हे वाक्य कोणाला ऐकवले जाते ते आपण सगळेच जाणतो. वापराच्या अटींवर ताठ मानेने बोलायचे तर आधी आपले कागद सरळ हवेत.

करासंबंधी थोडेसे. कुवेतमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण इथे राहणाऱ्या कुणी भारतातल्या कंपनीला चित्रांच्या वापराचा परवाना दिला तर ती रक्कम रॉयल्टी धरली जाऊ शकते, आणि रॉयल्टी भारतातून मिळत असल्यामुळे आपण अनिवासी असलो तरी तिथे कर लागू शकतो. देणारा टीडीएस कापूनच पैसे देईल. भारत आणि कुवेत यांच्यात दुहेरी कर टाळण्याचा करार आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर इथल्या रहिवासाचा दाखला लागतो. तेव्हा रक्कम ठरवताना 'कर कापून हातात किती' हे विचारावे. आम्हा हिशेबनीसांना सगळ्यांत जास्त भांडणे याच एका प्रश्नावर सोडवावी लागतात.

शेवटी आपल्या घरचेच. गेली कित्येक वर्षे आपल्या मंडळाच्या स्मरणिकेला कुणाची तरी मुलगी मुखपृष्ठ करून देते, गणेशोत्सवाचा फलक कुणाचा तरी मुलगा रंगवतो. पैसे कुणी मागत नाही आणि मागूही नयेत, ते आपलेच काम आहे. पण तीच चित्रे पुढच्या वर्षी आमंत्रणपत्रिकेवर येतात, मग प्रायोजकाच्या जाहिरातीत येतात, आणि काढणाऱ्याचे नाव आभाराच्या यादीत तेविसावे असते, कधी कधी तेही नसते. कार्यकारिणीला माझी सूचना आहे की यंदापासून एक पानी परवानगीपत्र घ्यावे. अमुक चित्र, अमुक अंकासाठी, विनामूल्य, नाव मुखपृष्ठाच्या आत, पुन्हा वापरायचे झाल्यास विचारून, प्रायोजकाला द्यायचे झाल्यास त्याने वेगळे ठरवून. चिटणीसांनी हे वाचून मला "आता तुम्ही मंडळालाही भाडे लावणार का?" असे विचारले. भाडे नाही, पण करार हवा, असे मी सांगितले.

मुलीने वापरलेल्या कराराचा मसुदा मी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टाईप करून ठेवला आहे. दीड पानाचा आहे. अरबी भाषांतर मात्र ज्याने त्याने अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावे, मोबाईलवरून करू नये. पुढच्या महिन्याच्या सभेला मी वीस प्रती आणीन. ज्यांच्या घरी चित्रे काढणारे कुणी आहे त्यांनी घेऊन जाव्यात, आणि शक्य असेल तर त्या मुलालाच बरोबर आणावे, म्हणजे प्रश्न तेच विचारेल आणि आपण बाजूला चहा घेऊ.